राणीच्या पेल्यातली राख

उल्म, संत गॅलच्या सणाचा दुसरा दिवस

प्रिय अपोलोनिया,

तू नणंद नंतर झालीस, आधी मैत्रीण. म्हणून मठात हे पत्र थेट तुझ्याच हाती पडो, तुमच्या मोठ्या बाईंच्या नको. इथे सगळं ठीक आहे. कोबी खारवून झाला. छापखान्यातून जुन्या काळच्या थोर बायकांच्या पुस्तकाचे ताव रंगवायला आलेत, आणि त्यातल्या एका राणीने माझं डोकं फिरवलंय.

तिचा नवरा वारला, तेव्हा त्याची राख पेल्यात कालवून ती प्यायली म्हणे. चित्रात पेला ओठांशी धरून उभी आहे. साठेक वेळा रंगवली तिला, तरी कळत नाही, एवढं प्रेम होतं की एवढा राग? सोमवारी तर तिचा शोकाचा झगा ओळीने अकरा तावांवर मी लालभडक रंगवून बसले. आपला कारागीर एंद्रेस मागून म्हणाला, "मालकीणबाई, राणी नवऱ्याला रडतेय. वरातीला नाही निघालेली!" मी पोट धरून हसले, आणि मग तुझ्या गेलेल्या भावापुढे, योर्गपुढे, लाज वाटली.

रंगाऱ्यांच्या संघाचे पंच दारात येऊन बजावून गेले, "मास्तरच्या विधवेला दुकान चालवायला वर्ष आणि एक दिवस. पुढे कारागिराशी लग्न, नाहीतर दुकानाला कुलूप." पुढच्या महिन्यात संत मार्टिनच्या सणाला मुदत भरते. एंद्रेसने विचारलंय. नुसत्या दुकानासाठी हो म्हणणं सोपं होतं गं. पण तो मला आवडतो, हीच तर पंचाईत. मग योर्गसाठी मी रडले ते काय खोटं होतं?

एक तुला सांगितलं नव्हतं. महामारीत गेला म्हणून त्याचे कपडे गल्लीत जाळले, तेव्हा त्याच्या रंगाने माखलेल्या एप्रनची राख मी पुडीत बांधून ठेवली. राणीची गोष्ट ऐकली त्या दिवशी त्यातली चिमूटभर बिअरमध्ये कालवली. ओठाला लावली आणि ठसका लागला. थुंकले मी, अपोलोनिया.

उरलेली राख या पत्रात आहे. मला ती पिववत नाही, टाकवतही नाही, आणि ती उशाशी ठेवून दुसऱ्याच्या शेजारी निजायचं धाडस माझ्यात नाही. तू त्याची सख्खी बहीण. पुडी परत आली तर मी दुकानाला कुलूप लावीन. राख ठेवून घेऊन पुडीचा नुसता रिकामा कागद पाठवलास, तर एंद्रेसला हो म्हणेन. मार्टिनच्या आधी पाठव. मी कागदाचीच वाट बघतेय, हे तुला तरी कशाला लपवू?

तुझीच, अजून तुझ्या भावाचीही,
वाल्पुर्गा