हेलनला गावात ठेवून आले

९ जून, सोमवार
आखातातला उन्हाळा, शाळेला सुट्टी लागली. आजपासून ताशा दिवसभर आमच्याकडे. लेक शॅरन आणि जावई ऑफिसला जाताना अल अमेरातहून तिला इथे वादी अदाईला सोडणार, संध्याकाळी परत नेणार. नात आली ती व्हिडिओ गेम, चार्जर आणि फुगलेले गाल घेऊन.
एडी दार उघडून म्हणाला, "अर्बाब आले! यल्ला मेरी, चहा टाक."
तेरा वर्षांचे अर्बाब, म्हणजे इथल्या बोलीत शेठ, हसले नाहीत. "आजोबा, आय डोन्ट ड्रिंक टी."
ऑगस्ट लागला की ती तिघं दूर दक्षिणेला, सलालाहला राहायला जाणार. जावयाला तिथल्या बंदरात बढती मिळाली आहे. मला आनंद व्हायला हवा. झालाही आहे, बराचसा.

१२ जून, गुरुवार
ताशा सोफ्यावर, मी शेजारी कोथिंबीर निवडत. टीव्हीवर तिचा खेळ. मला वाटलं नेहमीचंच, तलवारी आणि रक्त. बघते तर व्हॉलीबॉल! सहा मुली पाठीवर पिशव्या टाकून डोंगरातून चालल्या आहेत, नदीवर एक दांडगा नावाडी त्यांना अडवतो, आणि भांडायच्या ऐवजी तो दोन झाडांना जाळी बांधतो. जिंकलात तर पलीकडे सोडीन म्हणतो.
जिंकल्या. नावाड्याने जाळीखालून हात पुढे केला, सगळ्यांशी शेकहँड केला आणि गाणं म्हणत त्यांना पार नेलं.
कोथिंबीर तशीच राहिली.
"आजी, यू वॉन्ट टू ट्राय?"
"माझे अंगठे आता वळतात कुठे."
"ट्राय तर कर."

१७ जून, मंगळवार
माझी सर्व्हिस नेटमध्ये. पुन्हा नेटमध्ये. एडी पेपरामागून म्हणतो, "काय हो, कॉन्व्हेंटच्या कॅप्टन!"
कॅप्टन मी कधीच नव्हते, हे त्यालाही ठाऊक आहे.
ताशाने माझ्यासाठी खेळ पहिल्यापासून सुरू केला. दोघींचा मिळून एक. कॅप्टनचं नाव ताशा. बाकीच्या मुलींची नावं मी ठेवायची. क्षणभर सुचेना, मग भराभर आली. हेलन, ओल्गा, लिली, बर्नी, टेरेसा आणि राखीव म्हणून मी. वसईच्या आमच्या शाळेची टीम. चिकूच्या झाडांमागचं लाल मातीचं मैदान, झगा खोचून शिट्टी वाजवणाऱ्या सिस्टर बेनेडिक्टा. हेलनची सर्व्हिस अशी जायची की पलीकडच्या शाळेच्या मुली आधीच खाली बसायच्या.
खेळातली हेलनही तशीच निघाली. योगायोग. पण मला फार बरं वाटलं.

२३ जून, सोमवार
बाहेर नुसती भट्टी. पडदे ओढून, ए.सी. लावून आम्ही दोघी परक्या देशात पायी फिरतो आहोत. अस्वलाशी मॅच झाली. अस्वल हरलं आणि त्याने आम्हाला मध दिला.
मी विचार करते, मला हे इतकं का आवडावं? खऱ्या मैदानावर एक वय झालं की आपण खुर्चीवर. गुडघे गेले की खलास. इथे मॅच संपली की मुलीच्या नावापुढे दिसतं, पाय थोडे वेगवान झाले, मनगट थोडं पक्कं झालं. मेहनत केली की ती दिसते. आयुष्यात ती अशी कुठे लिहून येते? आणि नुसती मॅचही नाही. मॅचनंतर रस्ता आहे, खाणावळ आहे, तिथल्या म्हातारीची हरवलेली बकरी आहे. हरलात तर कोणी मरत नाही. सूप पिऊन झोपायचं, सकाळी पुन्हा निघायचं.
ताशाला हे सांगायला गेले. म्हणाली, "आजी, तू खूप बोलतो. सर्व्ह कर."

२६ जून, गुरुवार
आज वाजलं आमचं. कारण टेरेसा. ती हळू धावते, तिचे बॉल आऊट जातात. मी तरी तिला प्रत्येक मॅचला उतरवते.
"बेंचवर बसव ना तिला! शी इज यूसलेस!"
"सिस्टर बेनेडिक्टांच्या टीममध्ये सगळ्यांना खेळायला मिळायचं."
"आणि मग तुम्ही जिंकायचे?"
"नाही."
एडी इतका हसला की चष्मा पुसावा लागला.
ताशाचा हिशेब सरळ आहे. सलालाहला जायच्या आधी राजधानीत पोचायचं, राजाच्या टीमला हरवायचं, खेळ संपवायचा. दोघींनी मिळून. "आय डोन्ट वॉन्ट टू लीव्ह इट हाफ." त्यासाठी चांगल्या मुलींनाच खेळवायला हवं, बाकीच्यांवर वेळ घालवायचा नाही.
मी ऐकलं. दुपारी ती डुलकी काढत होती तेव्हा हळूच टेरेसाला नवे बूट घेतले.

४ जुलै, शुक्रवार
चर्चमध्ये मास झाला. इथला शुक्रवार हाच आमचा रविवार, आता वसईला गेले की रविवारी मासला जाणंच चुकल्यासारखं वाटतं. नंतर सगळी जेवायला. एडीने मत्रहच्या मासळीबाजारातून सुरमई आणली होती, मी आमच्याकडचे फुगे, मैद्याचे गोल गोळे, तळले. ताशाने फुगे खाल्ले आणि उठून खोलीत गेली. शॅरन भांडी पुसताना म्हणाली, "मम्मी, तिच्यासमोर सलालाहचं नाव काढलं की ती खोलीत जाते. तुझ्याकडे काही बोलते का?"
"आमच्याकडे फक्त व्हॉलीबॉल."
"लकी यू."
हो, आहेच मी लकी. उगाच कशाला नाही म्हणू.

१० जुलै, गुरुवार
राजधानी लांबून दिसली! निळे घुमट. मधे फक्त एक डोंगर आणि त्यावरचं एक गाव. ताशा सोफ्यावर उभी राहून नाचली. हेलन आता एकटी मॅच काढते. टेरेसाही बरी खेळते. ताशा कबूल करत नाही.

१६ जुलै, बुधवार
काय करून बसले मी.
ताशाला शॅरन दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. जाताना ताशाचा हुकूम: "आजी, फक्त प्रॅक्टिस कर. स्टोरी पुढे नको नेऊ." मी प्रॅक्टिसच करत होते. डोंगरावरच्या गावात सराव झाला, मग वाटलं जरा फिरून बघू. तिथे एक शाळा. शाळेत पांढऱ्या केसांची, वाकलेली बाई. म्हणाली, इथल्या मुलांना शिकवायला कोणी उरलेलं नाही. तुमची ती सरळ सर्व्हिसवाली मुलगी आमच्याकडे राहील का?
खाली दोन उत्तरं. हो. नाही.
आता मी इथे उभं आयुष्य काढलं. क्लिनिकच्या रिसेप्शनवर बसले तीही वर्षानुवर्षं. कोणी काही मागितलं की तोंडावर नाही म्हणायचं नाही, इन्शाल्ला म्हणायचं, हे अंगात मुरलं आहे. हे नक्की नाही, हे मागणाऱ्यालाही कळतं, आपल्यालाही कळतं. पुढचं पुढे. त्यात समोर म्हातारी शिक्षिका. 'नाही' वर माझा अंगठा जाईना. मी त्याच भावाने 'हो' दाबलं.
खेळात इन्शाल्ला नाही. हेलनने पिशवी खाली ठेवली, सगळ्यांना वाकून नमस्कार केला आणि शाळेत गेली. मी घाबरून मुलींना खाणावळीत झोपवलं, की सकाळी सगळं पहिल्यासारखं होईल. झोपवलं की खेळ आपोआप सेव्ह होतो, मग मागे फिरता येत नाही. हे मला माहीत होतं की. सकाळी खाणावळीतून पाच जणी आणि राखीव मी बाहेर आलो.
एडीला सांगितलं. म्हणाला, "मेरी, तू माझंही काही देऊन आलीस का ते बघ."
हसू येईना.

१७ जुलै, गुरुवार
ताशाने आल्याआल्या टीव्ही लावला.
"आजी. हेलन कुठे आहे?"
सांगितलं. इन्शाल्लाचंही सांगितलं. मला वाटलं चिडेल, ओरडेल. ती खूप हळू बोलली.
"तू मला विचारलं पण नाही."
"चुकलं माझं, राणी."
"कोणीच नाही विचारत. मम्मी-पप्पानी पण नाही विचारलं. डायरेक्ट सांगितलं, वी आर गोइंग."
मग टीव्ही बंद. पुस्तक घेऊन खिडकीत बसली. पान उलटल्याचं मी पाहिलं नाही. दुपारी तिच्यासमोर लबनचा, इथल्या ताकाचा, ग्लास ठेवला, तो तिने प्यायला. तेवढंच.
शॅरनला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "तिला काय विचारणार होतो मम्मी? ती नाही म्हणाली असती तर?"
तरी विचारायला हवं होतं, एवढंच म्हणाले.

२० जुलै, रविवार
आज आली ती हातात कागद घेऊन. शॅरनने काल तिला समोर बसवून सलालाहच्या घरांचे फोटो दाखवले. "मम्मी म्हणाली घर तू चूझ कर." एक घर नारळाच्या बागेजवळ आहे, तिथे मागे मोकळी जागा आहे. दुसरं शाळेजवळ. ताशाने दोन्हींचे नकाशे काढून आणले. तिचे प्रश्न ऐकून एडी म्हणाला, "अर्बाब, घरमालक पळून जाईल."
अजून नाराज आहे. पण नाराजी आता बसून आहे, उभी नाही.
जेवणानंतर टीव्ही तिने स्वतः लावला. "टेरेसाला सर्व्हिसला टाक," म्हणाली. मी लगेच टाकली.

२४ जुलै, गुरुवार
रोज सराव. ताशा शिकवते, मी चुकते. टेरेसाची सर्व्हिस हेलनसारखी सरळ नाही, पण डोंगराएवढी उंच जाऊन कुठेतरी कोपऱ्यात पडते. मी म्हटलं, खरी टेरेसाही अशीच होती, तिचा बॉल एकदा सिस्टरांच्या पाणी तापवायच्या बंबावर पडला होता. ताशाला तो बंब काय हे समजावताना आमची अर्धी दुपार गेली. राजधानी तिथेच होती. तिला कुठे जायचं होतं.
घर ठरलं. नारळांजवळचं.

३० जुलै, बुधवार
आजचा शेवटचा दिवस. उद्या त्यांचं सामान बांधायचं, परवा पहाटे निघणार. गाडीने, वाळवंटातून, सबंध दिवसाचा रस्ता.
म्हणून आज फायनल. एडीने मुद्दाम पेपर बाजूला ठेवला आणि भज्यांची जबाबदारी घेतली. राजाच्या टीममध्ये एक बाई आहे, ती जाळीपेक्षा उंच. तिचा स्मॅश आला की टीव्हीच हलल्यासारखा वाटतो. पहिला सेट गेला. दुसरा आम्ही घेतला! टेरेसाने घेतला! ताशा किंचाळली, एडी हातात झारा घेऊन धावत आला. तिसरा अगदी जवळ आणला आणि हरलो.
मग त्या उंच बाईने जाळीखालून हात पुढे केला. राजवाड्याचा म्हातारा दरवान जवळ आला आणि म्हणाला, सर्व्हिस करणारी एक मुलगी तुमच्यात होती असं ऐकलं. तिला विचारून बघा. रस्ता उघडा आहे.
खाली दोन उत्तरं. लगेच पुन्हा खेळायचं. की डोंगरावर परत जायचं.
मी म्हटलं, "लगेच खेळू. तीन वाजलेत फक्त. संध्याकाळपर्यंत जिंकूही."
ताशाचा अंगठा बटणावर. नेहमी ती माझ्याआधी दाबते. आज थांबली.
"डोंगरावर जायला किती वेळ लागेल?" मी विचारलं.
"आज नाही पोचणार. आधीच्यापेक्षा कठीण टीम्स आहेत रस्त्यात."
"मग खेळ अर्धा राहील, ताशा."
"आय नो," ती म्हणाली आणि डोंगराचा रस्ता घेतला. "घाई काय आहे, आजी."
भजी करपली होती. सगळी संपली.

१ ऑगस्ट, शुक्रवार
गेली. शॅरन रडली, मी नाही, मी नंतर रडले. ताशाने गाडीच्या खिडकीतून हात हलवला आणि मग आत बघायला लागली, तिला काहीतरी सापडलं असेल. मूल असं आत बघायला लागलं की बरं असतं.
मासला गेलो. दुपारी सोफ्यावर मी आणि एडी. त्याने टीव्ही लावला. बातम्या. "बघवत नाही ना?" म्हणाला. "नाही," म्हटलं. मग पत्ते खेळलो. तो लबाडी करतो.

८ ऑगस्ट, शुक्रवार
आत्ता ताशाचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे सगळं हिरवं, पावसाची भुरभुर चालू, तिच्या अंगात स्वेटर! ऑगस्टात! इथे आमच्या नळाला उकळतं पाणी. मागच्या मोकळ्या जागेत तिने दोन नारळांना दोरी बांधली आहे. शेजारच्या मल्याळी बहिणी खेळायला येतात. त्यातली धाकटी अगदी वाईट खेळते म्हणे. "मग?" म्हटलं. "मग काय, तिचा टर्न आला की ती सर्व्ह करते."
मग तिने फोन फिरवून टीव्हीसमोर धरला. डोंगरावरची शाळा. पोचली ती! सगळ्या कठीण टीम्स एकटीने हरवून. अंगणात हेलन उभी, भोवती मुलंच मुलं, एकाच्या हातात बॉल. हेलनचे केस थोडे वाढवले आहेत खेळ बनवणाऱ्यांनी. ताशाच्या टीमला बघून ती खूप हसली. मग म्हणाली, मुलं आत्ता कुठे सर्व्हिस करायला लागली आहेत. मला इथे बरं वाटतं. तरी तुम्ही म्हणत असाल तर येते.
खाली पुन्हा दोन उत्तरं. चल. राहा.
"आजी, मी काही दाबलं नाही. तुला विचारायचं होतं."
"तुला काय वाटतं?"
"मला दोन्ही वाटतं."
एडी मागून ओरडला, "इन्शाल्ला म्हणा!" ताशा हसली, मीही. विचार करून सांगते म्हटलं. ती म्हणाली, मी थांबते, मी खेळ चालूच ठेवलाय, तोवर आम्ही बाहेर खेळतो. फोन तसाच टीव्हीसमोर ठेवून पळाली.
कॉल अजून चालू आहे. लिहिता लिहिता बघते आहे. अंगणात मुलं बॉल उडवत आहेत, हेलन आमच्याकडे तोंड करून उभी आहे, आणि कुठूनतरी लांबून ताशाचा आवाज येतो आहे, कोणालातरी म्हणते, हात सरळ ठेव, सरळ.