दुधीच्या वेलाचा हेवा

आई, तुझ्या मळ्यात राहायला येऊन मला वर्ष झालं. बँकेत कॉम्प्युटर आले तशी आम्हा जुन्यांना मुदतीआधी निवृत्त व्हा म्हणाले. तंजावरचं घर खायला उठलं, म्हणून मी तिरुवैयारूची बस धरली. तू मळ्यावर यायचीस तीच बस. कालव्यालगतचा हा तुकडा दादा विकणार होता, मीच त्याला थांबवलं. मला बघायचं होतं, माझ्यात नव्हतं असं काय होतं इथं.

तू नाहीस, तेव्हा सरळच बोलते. मला या मळ्याचा हेवा वाटायचा, अजून वाटतो. एखादीला सवत असते, मला भाजीचा मळा होता. माझी वेणी तू घाईघाईत घालायचीस, शाळेच्या वाटेवर सुटायची, मग शेजारची मामी बोलत बोलत पुन्हा घालून द्यायची. दुधीचा वेल मांडवाला बांधताना मात्र केळीचं सोपट भिजवून मऊ करायचीस आणि गाठ सैल ठेवायचीस, कोवळ्या देठाला काचू नये म्हणून. मारगळी महिन्याच्या थंडीत पहिल्या बसने येऊन दारच्या रांगोळीवर ठेवायला भोपळ्याची पिवळी फुलं खुडायचीस, तीही फक्त नराची. मादीच्या फुलाला पराग टेकवायचीस तो असा, की सवाष्णीला कुंकू लावते आहेस. मी एकदा जवळ गेले तर म्हणालीस, "मागं हो गे, सावली पडते तिच्यावर." माझी सावली जड झाली तुला.

ऐप्पसी महिन्यातल्या पावसात मी तापाने फणफणले होते. तुझा हात माझ्या कपाळावर आहे आणि डोळे खिडकीकडे. मी म्हणते, "जाऊ नको." तू म्हणतेस, "मांडव पडंल गे. मामी बसते की तुझ्यापाशी." संध्याकाळी परत आलीस ती गुडघ्यापर्यंत चिखलात आणि हसत. मांडव वाचला होता. इतकी सुखी मी तुला कधी पाहिली नव्हती, आणि ते सुख माझ्यामुळे नव्हतं. ताप उतरला, हे नाही उतरलं.

आता मीही इथंच आहे. आडी महिन्यात कालव्याला नवं पाणी आलं तेव्हा बी टोचलं, ऐप्पसीत चर काढले, उन्हाळ्यात मोगरा सांभाळला. इथं कोणी माझ्याकडून काही मागत नाही. संध्याकाळी पाणी घालून झालं की बांधावर बसते आणि डोकं शांत होतं, कितीतरी वर्षांत झालं नव्हतं इतकं. हे एकटीनं इतकी वर्षं भोगलंस. मला एकदा शेजारी बसवलं असतंस तर काय बिघडलं असतं?

काल कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर लेकीचा बंगळूरहून फोन आला. पोंगलला येते म्हणाली, नातीला घेऊन. आता दुडुदुडु पळते म्हणे. "ये ना," म्हटलं मी. पण आधी मनात आलं ते वेगळंच. ही पोर वांग्याचे वाफे तुडवणार. आनंद झाला, आई, पण मागाहून झाला.

घरात आपण मराठी बोलायचो, पण तुला वाचता यायची ती तमिळ; ही देवनागरी लिपी नाही. म्हणून तर तमिळमध्ये न लिहिता हे असं लिहिलं.