प्रफुलच्या रिटर्नचा घोळ

चि. प्रफुल यास मुखरू काकाचा भरभरून आशीर्वाद.

कॅनडाच्या थंडीत तब्येत कशी आहे? कान झाकत जा. इथी गोंडपिपरीत आमी सारे बरे आहो. तुझी काकूही बरी आहे, फक्त माझ्यासंग बोलत नाई. काऊन, ते पुढं सांगतो. पत्र यासाठी लिहून राह्यलो की फोनवर तुझा आवाज ऐकायची मले लाज वाटते.

त्या दिवशी धानाची मळणी सुरू होती. मशीनचा हा गोंगाट, अन् त्यात नागपूरवरून कोण्या चंचल नावाच्या बाईचा फोन. लय गोड बोलली. म्हणे, प्रफुलच्या रिटर्नचं काम आहे, घराची माहिती पाहिजे. आता तूच सांग, तिशी पार केलेला बिनलग्नाचा पोरगा अन् त्याच्या 'रिटर्न'चं काम, माणसानं काय समजावं? मले वाटलं, तू परत येऊन राह्यला अन् ही पोरीकडची बाई चौकशी करून राह्यली! (पोरीकडचे आधी घरदारच इचारतात, कॅनडात राहून तू इसरला असशील.) मंग काय, मले चेव चढला. भाऊनं बांधलेल्या तुझ्या त्या दोन खोल्या अन् पडवीचा म्या दुमजली बंगला केला. किरायदार? वर-खाली भरून आहेत म्हटलं, सूरजागडच्या खदानीवरचे सायब लोक. (सूरजागड इथून किती दूर, ते त्या बाईले का माहीत!) किराया तर असा सांगितला की बाईनं दोनदा इचारलं. ती लिहून घेऊन राह्यली अन् मी तिले चहाले बोलावून राह्यलो.

मंग तुझा फोन आला अन् कळलं की ते टॅक्सचं रिटर्न. ती बाई तुझ्या टॅक्सवाल्याची. माणूस कॅनडात राह्यला तरी इथल्या घराचा किराया तिथल्या सरकारले सांगा लागते म्हणे, अन् इथी भरलेला टॅक्स तिथी वजा होते. पण बंगल्याचा टॅक्स इथी कोण भरल? बंगलाच नाई! म्हणजे नसलेल्या घराचा टॅक्स तुले बसणार, अन् वरून खोटारडा तूच ठरणार, तेही माझ्यापायी. खरी किरायदार एकच, अंगणवाडीची संघप्रिया बाई, अन् पावसाळ्यात छपराचे कवेलू गळले की तिलेही मी अर्धा किराया सोडतो. तू रागावला नाई रे, फक्त 'काका, खरा किराया लिहून धाडा' म्हटलं. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. जमिनीत गडप व्हावं वाटलं बाप्पा. तुझ्या काकूनं हे ऐकलं अन् तवापासून तिनं माझ्यासंग बोलणंच सोडलं.

खरा किराया कागदावर लिहून, संघप्रिया बाईची सही घेऊन ठेवली आहे. काकाले माफ कर.

तुझा, तोंड लपवून बसलेला,
मुखरू काका

ता. क. तो कागद एवढ्यात धाडत नाई. त्याचं असं आहे, गोंगाटात म्या ओरडून सांगितलेला बंगला मळणीवरच्या साऱ्यांनी ऐकला, खबर धानोऱ्यापर्यंत गेली अन् तिथून खरंच एक स्थळ आलं. पोरगी आचल, नर्स आहे. रविवारी पाहुणे येऊन राह्यले. तवा रविवारपर्यंत तुझ्या सरकारले थोडं थांबव, अन् पोरीच्या बापानं इचारलं तर वरचा मजला आहे म्हण.

आणखी ता. क. प्रफुल, मी आशाकाकू. यांचं काई ऐकू नको. कागदाचा फोटो म्या चंचल बाईले धाडला. धानोऱ्यालेही फोन करून वरचा मजला पाडला. पोरीचा बाप लय वेळ हासला. मंग म्हणे, बरं झालं बाई तुमी आधी बोलल्या, आमची आचलही अजून नर्स झाली नाई, शेवटच्या वर्षाले आहे.