आलेखातला खड्डा

१९ सप्टेंबर २०१६, सोमवार

मार्चपासून वही कोरी. माझंच चुकलं, सबब एकही खरी नाही. आज उघडली, कारण तोंडातली रक्ताची चव जात नाही.

ऑफिसात बोस्नियाचं काम. पेन्शन विम्यासाठी गेल्या तीस वर्षांतली लोकसंख्या, वयवार. जन्म घटत चाललेले, तरुण जर्मनीला, मागे म्हातारे. सगळं समजण्यासारखं. फक्त पुरुषांच्या आलेखात एके ठिकाणी खड्डा. नव्वदच्या दशकात ऐन पंचविशीत असलेले. डेटा खराब असणार म्हणून आजूबाजूच्या वयांची सरासरी घालून बुजवला. रिव्ह्यूत स्क्रीनवर दाखवून सांगितलंही, "इथे दुरुस्ती केलीय."

एमिर मूळचा बोस्नियाचाच. दोन वर्षं शेजारच्या डेस्कवर, रोज एकत्र जेवतो. उठून जवळ आला.

"माझ्या भावाला कुठल्या ओळीत ठेवलंस?"

प्रश्न कळेपर्यंत ठोसा बसला होता. मग कॉलर धरून डोकं काचेवर. दोनदा. की तीनदा? एक दात गेला.

२० सप्टें., मंगळ.

नोव्हेनाच्या हॉस्पिटलात जाऊन ओठाला चार टाके. घरी मंजिरी भडकलेली. "जनावर आहे तो! पोलिसात जा." सई, जेवता जेवता, इथल्या शाळेतल्या इंग्रजीत: "बाबा, यू नेव्हर चेक, मेह? हॅड वॉर देअर, लाह." बारा वर्षांची पोर.

युद्ध मला ठाऊक होतं. कॉलेजात असताना टीव्हीवर पाहिलेलं. खड्डा बघताना आठवलं नाही. की आठवलं होतं, आणि रेषा छान दिसावी म्हणून

२१ सप्टें., बुध.

मॅनेजर लिनचा फोन. "निवेदनात त्याने काय केलं तेवढंच लिही. शॉर्ट, कॅन?" मुदत उद्या दहा. मी सही केली की त्याची नोकरी गेली, पाठोपाठ ईपी, म्हणजे इथे राहायचा वर्क पास. मग परत बोस्नियाला. त्याला भाऊ होता का, हेसुद्धा मी दोन वर्षांत विचारलं नव्हतं.

एक गोष्ट कुणी पाहिली नाही; बाकीचे सिक्युरिटीला बोलवायला धावले होते. एमिरने मला सोडलं. खाली बसला, ओंजळीत तोंड घालून. तेव्हा मी लाथ मारली. बरगडीत. आतून आवाज आला. मग अजून एक मारली. दुसरीला मला बरं वाटलं. हे इथे तरी लिहायलाच हवं.

संध्याकाळी त्याला फोन. बायकोने उचलला. "श्वास घेताना कळवळतो. म्हणतो, जिन्यावर पडलो."

त्याने सांगितलेलं नाही. तिलाही नाही.

मंजिरीला सांगितलं. तिने सईच्या खोलीचं दार लावून घेतलं. मग, "लाथेचं लिहिलंस तर आपलाही पास जाईल. सईची पीएसएलई, सहावीची बोर्डाची परीक्षा, आठवड्यावर आलीय. तो बोलत नाहीये ना? मग तू कशाला?"

मसुदे दोन झाले. एकात लाथा आहेत, एकात नाहीत. नसलेला वाचायला सरळ जातो, कुठेच अडखळायला होत नाही.

उद्या : दहाच्या आत सही करून देणे.