लेझर, युनूस आणि वेल्डिंगचा चष्मा

२ फेब्रुवारी
काल दारव्ह्याच्या वरातीत डीजेवाल्या राजदीपने लेझर सारखा माझ्याच कॅमेऱ्याकडे वळवला. दुसऱ्या बाजूने युनूस शूटिंग करत होता, त्याच्याकडे एकदाही नाही. लेझरने सेन्सर जळतो, डोळेही जातात. तेवीसला गझालाचं लग्न, डीजे राजदीपचाच. पोरीच्या लग्नाचं शूटिंग बापच करणार. युनूसला तेच खुपतं.

४ फेब्रुवारी
युनूस स्टुडिओत आला. म्हणाला, लेझर सुरू झाला की लेन्स खाली करत जा. एवढी काळजी कशाला? मी लेन्स खाली केली की शॉट याला. बिस्किटं ठेवून गेला. खाल्ली नाहीत. (संध्याकाळी दोन खाल्ली.)

७ फेब्रुवारी
वेल्डिंगची काळी काच लेन्सवर टेपने चिकटवली. स्वतःला वेल्डिंगचा चष्मा. जमिला म्हणाली, पोरीच्या लग्नात हे घालून उभे राहाल? बायकोला टेक्निकल कळत नाही.

९ फेब्रुवारी
टेस्टिंग. उकंडाकाका शेतातली रानडुकरं हाकलायला हिरवा लेझर वापरतात, तो आणला. काचेवर मारला, कॅमेरा ठणठणीत. मग फरक बघायला काच काढून मारला. शास्त्रीय पद्धत अशीच असते.

१० फेब्रुवारी
प्रत्येक फोटोत मधोमध रेघ! राजदीपचंच काम. वरातीचे फोटो स्वच्छ आहेत, पण मुका मार नंतरच सुजतो. फोनवर त्याला झापलं. तो म्हणाला, "भाऊ, मी लेझर वरतेच मारून राह्यलो होतो. पब्लिकच्या डोयात जाते नं." पढवलेला वाटला.

१५ फेब्रुवारी
यवतमाळचा दुरुस्तीवाला म्हणतो, सेन्सर जळाला, पार्ट यायला महिना लागेल. थेट लेन्समध्ये कोणी लेझर मारला होता का, असं विचारत होता. नाही म्हणालो. घरी आलो तर जमिलाने शूटिंग युनूसला देऊन टाकलेलं. डाव पूर्ण झाला.

२३ फेब्रुवारी, संध्याकाळ
राजदीप म्हणाला, लेझर आणलाच नाही. असं म्हणणाऱ्यावरच लक्ष ठेवावं लागतं. चष्मा दिवसभर काढला नाही. रुखसतीला गझाला गळ्यात पडली, म्हणाली, "अब्बू, आता तं चष्मा काढा नं." नेमका तेव्हाच युनूस कॅमेरा घेऊन समोर आला. नाही काढला.

गाडी गेली. लेझर शेवटपर्यंत लागला नाही. पाहुणे म्हणाले, बाप रडणं लपवत होता. रडत होतोच. पण त्या काचेतून पोरीचा चेहरा दिसलाच नाही.

उद्या युनूसकडे जायचं. रुखसतीचा व्हिडिओ बघू दे म्हणायचं.