ताटव्यातली घाण

प्रिय सासूबाई,

तुम्ही गेल्यापासून तुमच्याशी भांडायची वेळ आली नव्हती. आज आली. हाताची आग होतेय आणि ज्यांना जाब विचारायचा, त्या तुम्हीच नाही.

तुमच्या चिरंजीवांना पिंपरीच्या कारखान्याचं क्वार्टर मिळालं, दारात झिनियाचा ताटवा मिळाला, पण तुम्हाला कौतुक नव्हतं. खायच्या कामाचं एक पान नाही म्हणून नाक मुरडायचात. आता त्यात काय उगवलंय, बघायला हवं होतं तुम्ही! जांभळट, सुरकुतलेला, मांसाचा गोळाच. आणि वास? शी! मेलेल्या उंदराचा. माश्या नुसत्या घोंघावताहेत.

गवळणीनं फाटकातूनच दूध दिलं. "बाई, हितं काय मेलंय?" शेजारच्या पाटकर वहिनींच्या मते ते विलायती फूल, कंपनीच्या बियांतून आलेलं. ह्यांनी नाकाला रुमाल लावून फर्मान सोडलं, रविवारी साहेब बागा बघायला येणार, त्याआधी उपटून टाक. स्वतः हात लावतील तर शपथ!

आज पदरानं नाक बांधून खुरपं घेतलं. खाली हात घातला तर हा एवढा गड्डा, आणि कोपरापर्यंत खाज सुटली. ती खाज मी ओळखली. नवी नवरी असताना तुमच्या घरी पहिल्यांदा सुरण चिरला, तेव्हा तुम्हीच माझ्या हातांना चिंच चोळली होतीत. सुरणाला असलं किळसवाणं फूल येतं? कोकणात जन्म काढलात, एकदा तरी सांगायचंत!

मग आठवलं. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, हातानं खणून पिकवलेलंच खायचं. गेल्या वर्षी मी भाजी बाजारातून आणली. "हे सगळं नांगरटीतलं," एवढंच म्हणालात आणि दिवसभर पाण्यावर राहिलात. मला वाटलं, रुसलात. म्हणजे माघात गावाहून येताना तुम्हीच हा गड्डा आणलात, कंपनीच्या झिनियात गुपचूप पुरलात आणि चैत्रात जगातून निघूनही गेलात. मी फेकून दिला असता तर?

फूल तेवढं कापून उकिरड्यावर टाकलं. गड्डा पुन्हा मातीत लोटलाय. ह्यांना सांगितलं, आईंनी लावलाय. त्यांनी नाकावरचा रुमाल काढला आणि तिथेच उभे राहिले.

चिंच आज माझी मीच चोळली. फार एकटं वाटलं.

मला सुरण आवडत नाही, आता तर नावही नको. तरी पंचमीला हाच चिरीन, तुमचं पान आधी वाढीन आणि मग मीही खाईन. यंदा आपल्या घरात कुणी नुसत्या पाण्यावर राहणार नाही.

तुमची सून,
कमल