खुंटीवरचा गुण्या

तात्या, तुम्ही गेलात त्याला सोळा वर्षं झाली. मातीला मी आलो होतो, पण लांब लिंबाखाली उभा राहिलो, खांदा द्यायला पुढं झालो नाही. तेव्हा मी नुसता रुसलेलो होतो. राग आता आलाय, गेल्या महिन्यापासून, आणि ज्याच्यावर काढायचा तो माणूसच नाही. म्हणून हे लिहीत बसलोय.

बारामतीचं आपलं वर्कशॉप मला अजून दिसतं. निमगाव केतकीहून पहिली एसटी धरून मी येतो, आणि लाकडाला करवत लागायच्या आधी तुम्ही कारागिरी शिकणाऱ्या आम्हां चौघा पोरांना सरळ कडेच्या फळीपुढं उभं करता. काटकोन बघायचा लोखंडी गुण्या कडेला टेकवायचा, टोकदार पेन्सिलीनं रेघ ओढायची. मग गुण्या उलटा करून त्याच जागी लावायचा आणि दुसरी रेघ. दोन्ही एकमेकींवर बसल्या तर काटकोन खरा, वर फाकल्या तर गुण्या खोटा. "जितकं फाकलंय त्याच्या निम्मी खोट," तुम्ही म्हणायचात. "लोखंड हाय म्हणून काय झालं? पडतं, झडतं, बिघडतं. रोज इचारायचं त्याला." बिघडलेल्या गुण्याच्या कोपऱ्यात आतल्या अंगाला पंचाचं पोलादी टोक हातोडीनं ठोकून टिंबं मारली की कोन उघडतो, बाहेरच्या अंगाला मारली की मिटतो, हेही तुमच्याकडूनच शिकलो. रंध्याचं पातं, करवतीचे दात, सगळ्यांची रोज हजेरी व्हायची.

फक्त एक गुण्या कधी कुणी उलटा केला नाही. तुमचा. तुमच्या वडिलांच्या हातचा, वर खुंटीवर असायचा, खंडेनवमीला त्याला झेंडूची माळ पडायची. त्याला तपासणं म्हणजे बापाला 'तू माझा बाप ना?' असं विचारण्यासारखं होतं. इंदापूरच्या वसतिगृहाच्या अकरा चौकटींचं काम आलं तेव्हा तो तुम्ही स्वतः काढून माझ्या हातात दिलात. "आता तू कारागीर झालास. ह्या चौकटी ह्याच्यावरच कर." मी सव्वीस वर्षांचा होतो. त्या दिवशी एसटीत मला उभं राहावं लागलं तरी पाय दुखले नाहीत.

आता खरं ते बोलू. आदल्याच आठवड्यात सागाचा ओंडका सरकवताना तुमचा धक्का लागून तो गुण्या खाली आला होता, कोपऱ्यावर, फरशीवर. मी समोरच होतो. तुम्ही तो उचललात, कपाळाला लावलात आणि परत अडकवलात. आमचा एखादा गुण्या बाकावरून नुसता घसरला असता तरी तुम्ही फळी मागवली असती. माझ्या हातात आल्यावर मीही आधी तो कपाळालाच लावला. काम करताना लाकडाच्या चारी अंगांनी ओढलेल्या रेघा शेवटी एकमेकींना मिळेनात, केसभर चुकायच्या. मला वाटलं, माझीच पेन्सिल हलतेय. मी ती पुन्हा पुन्हा तासत राहिलो. गुण्यावर शंका माझ्या मनालाही शिवली नाही.

अकराच्या अकरा चौकटी एका अंगाला कलल्या. संस्थेच्या सचिवांनी एका चौकटीत तयार दार लावून बघितलं, तर वरच्या कोपऱ्यात बोट जाईल एवढी फट. गवंडी, बिगारी, सगळे जमलेले. सचिव तुम्हाला म्हणाले, "तात्या, हे तुमच्या नावाला शोभतं का?" तुम्ही माझ्या हातातून गुण्या काढून घेतलात आणि म्हणालात, "गुण्या माझ्या बापाचा हाय, तो चुकायचा न्हाय. ह्याचा हातच कच्चा हाय."

चोर सोडून संन्याशाला सुळी, पण त्या वेळी संन्याशालाही वाटलं की चोर आपणच. मी मान खाली घातली. पुढं चार महिने तुम्ही मला पॉलिशपेपर घासायला बसवलंत, पेन्सिल म्हणून दिली नाहीत. मग मी भिगवणच्या वखारीत लाकडं रचायला लागलो आणि तिथंच म्हातारा होत आलो. कारागिरी का सोडली असं कुणी विचारलं की मी सांगतो, हात कच्चा होता. माझ्या घराचं दार मी दुसऱ्याकडून करून घेतलंय, तात्या. साधी देवाची फळीसुद्धा मी ठोकली नाही. भीती वाटायची, वाकडी बसेल.

गेल्या महिन्यात तुमच्या घरून काकूंनी बोलावलं. वर्कशॉपची जागा रिकामी करायची होती. पत्र्याच्या पेटीतून त्यांनी गुण्या काढला. "तुलाच द्यायचा म्हणून सांगून ठिवलं हुतं त्येंनी. तू आलाच न्हाईस." वखारीत आल्यावर मी फळी घेतली आणि जन्मात पहिल्यांदा तुमचा गुण्या उलटा केला. दोन्ही रेघा एकावर एक. एक क्षण मला वाटलं, म्हणजे हात खरंच माझाच. मग कोपरा पुसला. आतल्या अंगाला पंचाची तीन टिंबं होती. माझ्या हातात होता तेव्हा तिथं एकही नव्हतं, त्या गुण्याचा कण अन् कण मला पाठ होता.

दुसऱ्या दिवशी काकूंना सहज विचारल्यासारखं विचारलं. त्या म्हणाल्या, "व्हय की. त्या इंदापूरच्या चौकटी माघारी आल्या न्हव का, त्याच्या दुसऱ्याच दिवशी. दुपारभर हितं वसरीवर ठोकत बसलं हुतं. जेवायला उठंनात."

दुसऱ्याच दिवशी! म्हणजे चार महिने मी पॉलिशपेपर घासत होतो, तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं. वखारीत जातो म्हणून पाया पडायला आलो, तुम्ही डोक्यावर हात ठेवलात, तेव्हाही ठाऊक होतं. तळपायाची आग मस्तकात जाते, तात्या. चूक कुणाचीही होते. लोखंडाची खोट दुपारभरात काढलीत, आणि माझ्यावर घातलेली तशीच ठेवलीत. वर मरताना गुण्या ठेवलात माझ्यासाठी. एक वाक्य पुरलं असतं. सचिवांपुढं नको, गवंड्यांपुढं नको, वसरीवर बोलावून कानात सांगितलं असतंत, 'गुण्या चुकला होता, पण तू गप्प राहा', तर तो दोष मी आनंदानं जन्मभर मिरवला असता. मागितला असतात तर दिला असता.

इथवर लिहिलेलं हे पत्र काकूंना वाचून दाखवायचं ठरवून मी परवा बारामतीला गेलो होतो. खिशात होतं. त्यांनी चहा ठेवला आणि विचारलं, "गुण्या बरा हाय न्हवं रं? त्येंच्या हातचा हाय." मी म्हणालो, "एकदम काटकोनात हाय, काकू." मग दोन कप चहा प्यालो आणि शेवटच्या एसटीनं परत आलो.